वस्तू मोजल्या, बिल मात्र पेट्यांचे

प्रतापनगरातील आमचे बिऱ्हाड टोरांटोला हलवण्याचे काम नागपुरातील ज्या कंपनीला दिले, तिच्या बांधणीला मी पैकीच्या पैकी गुण देईन. अंदाजाला मात्र काठावर पास करीन.

सर्व्हेला आलेल्या गृहस्थांनी खोल्यांतून एक फेरी मारून 4 घनमीटर हा आकडा सांगितला आणि बिल आले 5.1 घनमीटरचे. यात लबाडी नव्हती. त्यांनी वस्तू मोजल्या होत्या, आकारणी मात्र बांधलेल्या नगांवर होते. आमचे सागवानी देवघर 60 बाय 45 बाय 75 सेंटिमीटरचे, म्हणजे जेमतेम 0.2 घनमीटर, फोम, पुठ्ठा आणि लाकडी पेटी चढल्यावर बाहेरचे माप 80 बाय 65 बाय 100 झाले आणि तेच देवघर 0.52 घनमीटर भरले. वरचा कळस स्क्रूने बसवलेला आहे. तो काढून आत ठेवला असता तर पेटी 20 सेंटिमीटरने बुटकी झाली असती, हे मला खिळे ठोकून झाल्यावर सुचले; रोज हेच काम करणाऱ्यांना ते आधी सुचायला हवे होते.

वजनाबाबतही कोणी नीट समजावले नाही. जहाजाने, इतरांसोबत कंटेनरमध्ये सामान पाठवताना 1 घनमीटर म्हणजे 1000 किलो असे धरून आकारमान आणि वजन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडे लागते, आणि घरगुती सामान सहसा इतके जड नसते. मी मात्र वजनाच्या धास्तीने दिवाळी अंकांचे दोन गठ्ठे रद्दीत घातले, त्याची चुटपुट अजून आहे. विमानाचा हिशेब त्यांनी आपणहून सांगितला, हे मान्य केले पाहिजे: तिथे सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी आणि उंचीच्या गुणाकाराला 6000 ने भागून येणारे वजन प्रत्यक्ष वजनापेक्षा जास्त असेल तर तेच धरतात. त्यामुळे 60 बाय 45 बाय 45 च्या खोक्यातील आमच्या 9 किलोच्या गोधड्यांना सव्वावीस किलोचे भाडे पडले असते; त्या जहाजानेच गेल्या.

बांधणी करणारी मुले मात्र कसबी होती. स्टीलचे डबे एकात एक घालून उरलेल्या पोकळीत त्यांनी टॉवेल कोंबले, आणि पेटीच्या लाकडावरील उष्णता-प्रक्रियेचा, म्हणजे लाकूड तापवून त्यातली कीड मारल्याचा, शिक्काही न विचारता दाखवला. पुन्हा काम पडले तर याच कंपनीला देईन, फक्त प्रत्येक मोठ्या नगाचे बांधणीनंतरचे माप आणि फरकाची कमाल मर्यादा अंदाजपत्रकातच लिहून घेईन.