दांडेली की दाजीपूर? एका मुक्कामाच्या सफारीसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कुणी ‘शनिवार-रविवार जंगल बघून येऊया’ म्हटलं की कर्नाटकातली दांडेली आणि कोल्हापूर जिल्ह्यातलं दाजीपूर ही दोन नावं हमखास निघतात. भीमगड अगदी दारात आहे, पण तो चालणाऱ्यांचा विषय, त्यावर पुन्हा कधीतरी. इथं प्रश्न आहे तो घरची पोरंबाळं आणि आईवडील घेऊन, जीपमध्ये बसून, वाटेत दोन-चार चांगल्या जागा बघून परत येण्याचा. मी दोन्हीकडे घरच्यांना घेऊन गेलोय.

आधी वाघाचा विषय संपवून टाकतो. दांडेली-अणशीला २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि २०१५ मध्ये त्याचं नाव काळी व्याघ्र प्रकल्प झालं. नाव व्याघ्र प्रकल्प असलं तरी तिथल्या सफारीत वाघ बघितला असं शपथेवर सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय. काळ्या बिबट्यासाठी ते जंगल प्रसिद्ध आहे, पण तोही नशिबाचाच भाग. गवा, चितळ, सांबर यांच्यावर समाधान मानायची तयारी असेल तरच पुढचं वाचा. दाजीपूर तर मुळात गव्यांसाठीच ओळखलं जातं. १९५८ पासूनचं अभयारण्य आहे ते, आता राधानगरी या नावाने.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र दांडेलीला तोड नाही. दांडेलीजवळच्या गणेशगुडीला सकाळी नुसतं अंगणात चहा घेऊन बसलात तरी धनेश दिसू शकतो. त्याच्या पंखांचा घरघराट आधी कानावर येतो, मग तो डोक्यावरून जातो. गळ्यात मोठी लेन्स लटकवून फिरणाऱ्यांनी इथंच वाचन थांबवून दांडेलीची खोली बुक करावी, माझी काही हरकत नाही.

आता बाकीच्यांसाठी.

दांडेलीत अडचण जंगलाची नाही, घड्याळाची आहे. आम्ही काळी नदीच्या काठावरच्या एका रिसॉर्टचं पॅकेज घेतलं होतं. एक मुक्काम, जेवणखाण आणि पहाटेची सफारी. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात काय झालं, तर पहाटे पाचला अंधारात बॅगा भरल्या, कारण चेक-आउट दहाचं. सफारी झाली, उत्तम झाली. गव्यांचा कळप अगदी रस्त्याला लागून उभा होता. परत येईपर्यंत नऊ वाजून गेले. आमच्या बॅगा काउंटरशेजारी ढीग करून ठेवलेल्या, पोह्यांच्या भांड्याच्या तळाशी मूठभर गार पोहे आणि शेंगदाणे, आणि मॅनेजर हातातल्या यादीवर आमच्या नावासमोर खूण करून उभा. आंघोळ की नाश्ता, एवढाच पर्याय उरला होता. वडिलांनी आंघोळ निवडली, पोरांनी बिस्किटं.

पुढचं आणखी त्रासाचं. सफारी एकीकडे आणि बघायच्या जागा भलतीकडे. सिंथेरीचा तो अजस्र खडक, खाली वाहणारी कानेरी नदी आणि कड्याला लोंबणारी मधमाश्यांची पोळी बघण्यासारखी आहेत यात वाद नाही, पण ते गुंद गावाच्या अंगाला. सुपा धरण गणेशगुडीला, म्हणजे दुसऱ्या टोकाला. शिवाय सिंथेरीला पायऱ्या उतरायच्या आणि त्याच चढून यायच्या. आम्ही सिंथेरी केलं, सुपा सोडलं आणि रामनगर-लोंढामार्गे खानापुरात पोचेपर्यंत गाडीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

दाजीपूरला हे सगळं एकाच फेरीत उरकतं. राधानगरीत मुक्काम, सकाळी गेटवर वनखात्याची फी भरायची, गाईड घ्यायचा, गावातली जीप सांगायची. जीप अख्खी आपली. कुठं किती थांबायचं ते गाईडशी बोलून ठरवता येतं, आणि मुख्य म्हणजे ठरलेल्या जागी खाली उतरता येतं. सावराईच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, जांभ्या दगडावर पाय मोकळे केले, कड्यावरून खाली कोकण बघितलं, घरून नेलेल्या दशम्या खाल्ल्या. गवे लांबच दिसले, झाडीच्या कडेला, पाठमोरे. दांडेलीइतके जवळून नाहीत, हे कबूल. पण आईला विचाराल तर ती सड्याचंच सांगते.

आतला रस्ता वाईट आहे. वाईट म्हणजे कंबर मोडणारा. मणक्याचं दुखणं असेल त्यांनी पुढच्या सीटचा हट्ट धरावा, नाहीतर जाऊच नये. दांडेलीची जीप त्या मानाने सुखाची. जेवणाचंही तसंच, दाजीपूर भागात आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर भाकरी-पिठलं मिळेल, रिसॉर्टसारखी बुफेची रांग नाही. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा हा बेत हिवाळ्याचा किंवा फार तर मार्चपर्यंतचा.

निपाणी-चिकोडीकरांना मुदाळ तिट्ट्यावरून दाजीपूर सरळ पडतं, त्यांनी फार विचार करू नये. खानापूरकरांना दांडेली जवळ, हे खरंच. तरीही मला विचाराल तर मी पुन्हा एकदा निपाणीचाच रस्ता धरीन. परतताना राधानगरी धरण बघून होतं. शाहू महाराजांनी सुरू केलेलं काम, आणि पाणी चढलं की आपोआप उघडणारे ते सात दरवाजे. पोरांना हे समजावून सांगण्यात अर्धा तास सहज जातो, आणि तेव्हा कुणाच्या चेक-आउटची घाई नसते.

दांडेलीच ठरवली असेल तर पैसे भरण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारा: सफारीला गेलेल्यांसाठी नाश्ता बाजूला काढून ठेवता का, आणि खोली बारापर्यंत द्याल का. दोन्हीला ‘बघू’ असं उत्तर आलं तर दोन रात्रींचं बुकिंग करा.