‘डब्यातलं नवं’ कॉक्स 049: तेल घालून वाढवलेलं कॉम्प्रेशन

कॉक्स 049 म्हणजे मॉडेल विमानाचं इवलंसं इंजिन. त्याची जाहिरात ठरलेली: "कॉक्स बेब बी 049, एकदाही न चालवलेलं, कॉम्प्रेशन जबरदस्त." सोबत छोटा व्हिडिओ. बोटानं पंखा फिरवला की टक् करून उलटा उसळतो. गिऱ्हाईक पैसे पाठवून मोकळं होतं. इंजिन हातात येतं, पहिल्यांदा इंधन भरलं की कॉम्प्रेशन गायब, आणि विकणारा म्हणतो, "तुम्हीच बिघडवलंत."

तो टक् तेलाचा असतो. 0.049 घनइंच म्हणजे जेमतेम 0.8 सीसी. या पिस्टनला रिंग नसते. पोलादी पिस्टन पोलादी सिलिंडरमध्ये घासून बसवलेला, सगळं कॉम्प्रेशन त्या बसणीवर. झिजलेल्या जोडीत गिअर ऑइलचे चार-पाच थेंब सोडले की फट तात्पुरती बुजते. इंधनातलं मिथेनॉल आत गेलं की तेल धुऊन निघतं.

म्हणून व्हिडिओ मागायचाच, पण आपल्या अटीवर. लायटरच्या पेट्रोलनं सिलिंडर धुवायचा, सुकू द्यायचा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब घालायचे आणि मग पंखा फिरवायचा. चांगलं इंजिन तरीही उसळतं. बुडबुडे ग्लो हेडच्या (इंधन पेटवणारी तार बसवलेल्या सिलिंडरच्या झाकणाच्या) कडेनं आले तर तांब्याचं वॉशर बदलून भागतं. एक्झॉस्टच्या फटीतून आले तर पिस्टन-सिलिंडरची जोडीच गेली.

त्या फटीचा जवळून फोटो जरूर मागा. योग्य पाना नसला की लोक फटीत स्क्रूड्रायव्हर घालून सिलिंडर फिरवतात. कडेला बारीकशी खाच दिसली तरी आतला व्यास बिघडलेला असू शकतो, आणि मग पिस्टन तिथंच अडकतो. फटीतून पिस्टनवर सोनेरी-तपकिरी थर दिसला तर ते इंधनात मिसळलेलं, जळलेलं एरंडेल. ‘न चालवलेलं’ हा दावा तिथंच संपला. कॉस्टिक सोड्यात उकळून चमकवलेलं इंजिनही ओळखू येतं: सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो, त्यामुळे क्रँककेस काळपट, खरबरीत होते.

पिस्टन अगदी वर आणून पंखा किंचित मागेपुढे हलवा. खट् लागलं तर कनेक्टिंग रॉडचा गोळा पिस्टनच्या खोबणीत सैल झालाय. खास रीसेट टूलनं तो पुन्हा घट्ट करता येतो, पण ते टूल जवळ हवं. ग्लो हेड 1.5 व्होल्टवर नारिंगी पेटताना दाखवायला सांगा. यात प्लग वेगळा निघत नाही, तार जळली की अख्खं हेड नवं घ्यावं लागतं.

हा धंदा चालतो कारण माल जुनाच उरलाय. 1996मध्ये मॉडेल रॉकेट बनवणाऱ्या इस्टेस कंपनीनं कॉक्स विकत घेतली, पुढं ब्रशलेस मोटर आणि लिपो बॅटरीनं छोट्या इंजिनांची गरजच संपवली. ना धूर, ना चिकट पंख, ना शेजाऱ्यांची तक्रार. तरीही एनसीसीच्या एअर विंगमध्ये कंट्रोल लाइन (हातातल्या तारांनी गोल फिरवायचं) मॉडेल उडवलेल्यांना तो कर्कश आवाज आणि एरंडेलाचा वास हवाच असतो. त्यात वावगं काही नाही.

इंधनातही हात मारतात. ‘वीस टक्के एरंडेल’ लिहिलेल्या बाटलीत कमी तेल, तेही सिंथेटिक. 10 मिली इंधन उघड्या काचेच्या ताटलीत, घराबाहेर, आगीपासून दूर उडू द्या. मिथेनॉल विषारी असतं आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. इंधनात नायट्रोमिथेन असेल तर ते सावकाश उडतं, तेव्हा घाई नको. शेवटी साधारण 2 मिली चिकट, एरंडेलाच्या वासाचं तेल उरायला हवं. फारच कमी उरलं तर ती बाटली 049मध्ये ओतू नका, जोडी काही मिनिटांत घासली जाते.