गोकर्णीची वेल: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरी, पश्चिमेकडच्या बाल्कनीत, गेल्या मे महिन्यात गोकर्णी लावली. रोपवाटिकेतून दुहेरी पाकळ्यांची म्हणून आणलेली दोन्ही रोपे जुलैत फुलली तेव्हा साधी एकेरी निघाली. म्हणून दुहेरीची वेल शेजारच्या काकूंनी दिलेल्या बियांपासून केली. हे बी फार टणक असते. रात्रभर भिजवूनही जे फुगले नाही, ते पॉलिश पेपरवर हलके घासल्यावरच रुजले.

गोकर्णी शेंगवर्गीय असल्याने तिच्या मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र तिला मिळवून देतात, हे ठाऊक असूनही मी हौसेने शेणखत ओतत राहिलो आणि वेल नुसती पानांनी माजली. खत थांबवून शेंडे खुडले, तेव्हा कुठे फुले धरली. ऑक्टोबरच्या उन्हात पिठ्या ढेकूण, म्हणजे रस शोषणारी पांढरी कीड, आला. तो कडुनिंबाच्या तेलाच्या तीन फवारण्यांनी आटोक्यात आला. शेंगा वेळीच काढाव्यात, नाहीतर फुले रोडावतात. वाळलेली शेंग टक्कन तडकून पीळ घेते आणि बिया खालच्यांच्या बाल्कनीत जाऊन पडतात, हा तोटा वेगळाच.

या फुलांच्या निळ्या चहाचा मात्र फार गवगवा झाला आहे. रंग अप्रतिम, पण चव मटार उकडलेल्या पाण्यासारखी, आणि फुलामागची हिरवी वाटी काढली नाही तर आणखी गवताळ. फुलातील अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लाने रंग पालटते. गणपतीत मोदकांच्या उकडीचे पाणी या फुलांनी निळे केले, आणि पारी पांढरी राहावी म्हणून आईने सवयीने त्यात लिंबू पिळले; त्या वर्षी बाप्पाला जांभळे मोदक मिळाले.

आयुर्वेदात गोकर्णी, म्हणजेच अपराजिता, बुद्धिवर्धक मानली आहे, परंतु तिचे मूळ आणि बिया रेचक असल्यामुळे वैद्यांना विचारल्यावाचून घरगुती प्रयोग करू नयेत. गरोदरपणात तर चहाही टाळलेला बरा. माझ्या स्मरणशक्तीत फरक पडलेला नाही.

फूल एक दिवस टिकते, म्हणून सकाळीच तोडतो. मेट्रोच्या कामाची धूळ पाकळ्यांवर बसते. त्यामुळे रस्त्याकडची फुले देवाला आणि आतल्या बाजूची तेवढी, दोनदा धुऊन, पेल्यात.