पणसायमळचा जांभा की पाळोळेचा नाइस? भूपर्यटनाची सुरुवात कुठून करावी

दक्षिण गोव्यातल्या सांगे-काणकोणातली चार-पाच मुलं एकत्र येऊन ‘आम्ही लोकांना आपल्या भागातले दगड दाखवू’ म्हणतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. २०१२ मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि कितीतरी घरांसमोर खनिजाचे ट्रक कामाविना उभे राहिले. त्या घरांतली पुढची पिढी आता जागच्या जागी राहिलेल्या दगडाकडे कमाईचं साधन म्हणून पाहते आहे. पण सुरुवात कुठे करायची हे घाईत ठरवू नका. दक्षिण गोव्यात माझ्या मते दोनच जागा खऱ्या अर्थाने स्पर्धेत आहेत.

पहिली जागा म्हणजे रिवण पंचायतीतलं उसगाळीमळ, तिथला पणसायमळचा कातळ. कुशावती नदीच्या काठावर सपाट जांभा पसरलाय आणि त्यावर शंभराहून जास्त आकृत्या कोरलेल्या आहेत: वशिंडाचा बैल, गवा, हरणं, मोर आणि एकात एक वर्तुळं गुंफलेला चक्रव्यूह. गुराख्यांनी काढलेली चित्रं म्हणून आसपासच्या लोकांना ती माहीत होतीच. १९९३ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्यांची दखल घेतली. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची नोंद युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत झाली. त्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गाबरोबर गोव्यातली ही एकच जागा आहे.

इथे सांगण्यासारखं इतकं आहे की दोन तास कमी पडतात. जांभा कसा तयार होतो, इथूनच सुरुवात करता येते. मुसळधार पावसाने मूळ खडकातली सिलिका धुऊन जाते, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहतं, म्हणून दगड लाल आणि सच्छिद्र. आपल्या घराच्या भिंतीतला चिरा तो हाच. खाणीतून कापताना मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो. जवळच रिवणची लेणी याच जांभ्यात खोदलेली आहेत. आणि ज्या लोहाने कातळ लाल झाला, त्याच लोहासाठी शेजारचे डोंगर खणले गेले. दगड, चित्रं आणि खाण, तिन्ही एकाच फेरीत दाखवता येतील अशी दुसरी जागा मला गोव्यात माहीत नाही.

अडचणही त्या कातळातच आहे. रेषा उथळ आहेत. पावसाळ्यात कुशावती फुगली की पाणी कातळावर चढतं, गाळ ठेवून जातं. त्यावर बूट घातलेली माणसं रोज फिरली तर झीज भरून निघणारी नाही. चित्र उठून दिसावं म्हणून कुणी खडूने रेषा गिरवताना दिसलं की माझा जीव कासावीस होतो. त्याची काही गरजच नसते. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर तिरपं ऊन पडतं, तेव्हा बैलाची पाठ आपोआप उठून येते.

दुसरी जागा काणकोणातलं पाळोळे. किनारा सगळ्यांना ठाऊक आहे, पण त्याच्या दोन्ही टोकांचे खडक फारसं कुणी बघत नाही. हा नाइस, म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला पट्ट्यापट्ट्यांचा खडक, तीनशे कोटी वर्षांहून जुना, भारतीय द्वीपकल्पाच्या पायातला दगड. फिकट पट्टे क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारचे, गडद पट्टे अभ्रकासारख्या खनिजांचे. उष्णतेने आणि दाबाने ते कसे पिळवटले गेले, हे बोट ठेवून दाखवता येतं. परत जाताना पारोड्याच्या चंद्रनाथ डोंगरावर थांबलात, तर अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला ग्रॅनाइटही एकाच दिवसात बघून होतो.

नाइस कठीण आहे, हजार पावलांनी त्याचं काही बिघडत नाही. पर्यटक आधीच तिथे राहायला आलेले असतात, त्यामुळे गाडी, जागा, जाहिरात यांचा खर्च जवळपास नाही. वेळ मात्र समुद्र ठरवतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खोल जाते आणि खडक सर्वांत जास्त उघडा पडतो, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तितका नाही. कोळंबच्या बाजूचा खडक शेवाळाने निसरडा असतो. हे गणित किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढणाऱ्या स्थानिक रापणकारालाच सर्वांत चांगलं कळतं, त्याला भागीदार करून घ्या. फेरी उत्तरेला आगोंदपर्यंत वाढवणार असाल तर कासवांच्या हंगामात रात्रीचे दिवे आणि गर्दी नको.

कागदपत्रांत पाळोळे किंचित सोपं आहे. दोन्हीकडे १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली मार्गदर्शकाने नोंदणी करावी लागते. उसगाळीमळ संरक्षित स्थळ असल्याने तिथे काहीही उभारण्याआधी पुरातत्त्व खात्याकडे जावं लागतं, आणि हे मला योग्यच वाटतं.

कमाईचा विचार करताना कुळे गावाकडे एकदा बघून या. दूधसागर धबधब्याला पर्यटक नेणाऱ्या जीपवर अख्खा गाव अवलंबून आहे, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला की हाताला काम नसतं. एकाच जागेवर सगळं टांगू नका.

माझा सल्ला विचाराल तर पहिला हंगाम पाळोळेला काढा. तिथे बोलायला शिका. लोक कुठे कंटाळतात, कुठे प्रश्न विचारतात, ते टिपून ठेवा. चुकलात तरी दगडाला इजा नाही. गट मूळचा रिवण-केप्यातला असेल तर मात्र मी उलटं सांगेन: पणसायमळच घ्या, कारण बाहेरचा कुणी ते घेण्याआधी ते तुमच्या हातात असायला हवं. पण एका वेळी दहा माणसं, चपला काठावर, कातळाच्या कडेने फिरणं, आणि पैसे आल्यावर पहिला खर्च फलकावर किंवा सिमेंटच्या पायवाटेवर नाही. तो गावातल्या एखाद्या मुलीला भूगर्भशास्त्र शिकायला पाठवण्यावर करा. रिवणच्या घरांत आठळ्यांची भाजी आणि उकड्या तांदळाची पेज मिळते, तिथे पाहुणे जेवले तर आणखी चार घरांना हातभार लागेल.