सिग्नल की व्हॉट्सॲप?
दोन्ही मेसेजिंग ॲप, आणि संदेशांचं कुलूप (एन्क्रिप्शन) दोन्हीकडे एकच. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपनेही सिग्नलचाच प्रोटोकॉल, म्हणजे कुलूप लावायची पद्धत, सगळ्या चॅटना लावला. खरा फरक आहे तो मजकुराभोवतीच्या माहितीत, म्हणजे कोण, कधी, कुठून वापरतं यात. त्याच वर्षी अमेरिकेत सिग्नलला वापरकर्त्यांची माहिती मागणारं समन्स आलं, तेव्हा त्यांना देता आलं ते इतकंच: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही साठवलेलंच नव्हतं! मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. व्हॉट्सॲप मेटाचं, म्हणजे फेसबुकवाल्या कंपनीचं. ते वापराच्या नोंदी, फोनचा तपशील, आयपी पत्ता (इंटरनेटवरचा आपला पत्ता) गोळा करतं, असं त्याच्याच धोरणात लिहिलंय. क्लाउड बॅकअपचं (चॅटच्या ऑनलाइन साठवलेल्या प्रतीचं) एन्क्रिप्शनही सेटिंगमध्ये जाऊन आपणच चालू करायचं. सोसायटी, शाळा, दूधवाला तिथेच आहेत, तेव्हा ते राहू द्या. घरचा ग्रुप मात्र सिग्नलवर हलवाच.