द्राक्षबागेत लीफ वेटनेस सेन्सर घ्यावा का? माझा एका सीझनचा अनुभव

निफाड तालुक्यात आमची अडीच एकर थॉमसन जातीची द्राक्षं आहेत, गोडी छाटणीच्या (फळासाठीच्या ऑक्टोबर छाटणीच्या) आधी बागेत वेदर स्टेशन बसवलं. तापमान, पाऊस, वारा सगळ्याच स्टेशनवर येतं, त्यावर लिहीत नाही. ज्याच्यासाठी जादा पैसे मोजले त्या लीफ वेटनेस सेन्सरबद्दलच सांगतो, कारण डाऊनीचं (द्राक्षावरच्या केवडा रोगाचं) सगळं पान किती तास ओलं राहिलं यावर आहे, आणि हा सेन्सर तेच सांगतो.

पाऊस पर्जन्यमापकाला कळतो, दहिवर कळत नाही. कितीही दव पडलं तरी रात्रभरात अर्ध्या मिमीच्या आसपास, त्यातलं बरंचसं फनेललाच चिकटून राहतं आणि आमचं मापक ०.२ मिमी झाल्याशिवाय हलत नाही. नुसत्या आर्द्रतेवरही जाऊ नका. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की पान हवेपेक्षा गार होतं, हवा १४ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू येतो साधारण १२.४, म्हणजे पान दोन अंशांनी गार झालं की ओलं, आणि आपण मात्र ॲपवर ९० बघून म्हणतो की अजून १०० कुठं झालीय!

बसवणाऱ्या पोरांनी सेन्सर वर खांबालाच आडवा ठोकून दिला होता, याचा मला खरंच राग आला. उघड्यावर दव लवकर धरतं, आडव्या प्लेटवर पाणी साचून राहतं, म्हणून आठवडाभर रीडिंग आणि बाग जुळेचना. मग तो काढून पानांच्या उंचीला, उत्तरेकडे तोंड करून, ४५ अंशाच्या उतारावर बांधला. त्यानंतर आठ-दहा दिवस पहाटे पाचला टॉर्च घेऊन जायचो, पानावर टिश्यू पेपर दाबून बघायचो. आमच्याकडे स्केल ० ते १५ आहे, ६ च्या वर गेलं की टिश्यू ओला निघतो असं जमलं. तुमच्या बागेत हा आकडा वेगळा येईल, तो स्वतःच काढा.

फवारणीचा थर बसला की मात्र हा भर दुपारीही ४ दाखवतो, क्षार ओल धरतात ना. दर फवारणीनंतर मऊ ओल्या कापडाने पुसायचा, घासायचा नाही.

नोव्हेंबरात एका रात्री १ ते सकाळी साडेआठ सलग ओलं दाखवलं, पाऊस शून्य. तेव्हा फवारणी पुढं ढकलली नाही. उलट तीन कोरड्या रात्री बघून एक फवारणी वाचवली पण.

पाचपैकी चार देईन. एक कापला कारण सेन्सर पानाच्या वरच्या बाजूसारखं वागतो आणि डाऊनी घुसते खालच्या बाजूने, त्यामुळे बागेत फिरून पान उलटून बघणं काही सुटलेलं नाही.