सीआय बुलेटचं हेड आणि रॉकर: सात महिने वापरून, एक सेट वाया घालवून

गाडी 2001 ची बुलेट 350, सीआय (कास्ट आयर्न, म्हणजे बिडाच्या सिलिंडरचं) इंजिन, गिअर उजवीकडे. नागपुरात रोज चालते, रविवारी रामटेक नाहीतर कोंढाळी. मागच्या दिवाळीनंतर इंजिन उघडलं ते धूर आणि खटखट यासाठी, पण एकदा उघडलंच आहे तर थोडं दमदार करू असं डोक्यात शिरलं आणि तिथून खर्च सुरू झाला. आता सात महिने आणि 5,200 किमी झाले, नवतपा पण काढला याच सेटअपवर, तर आता लिहायला हरकत नाही.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. या इंजिनाचा बोअर 70 मिमी आणि स्ट्रोक 90 मिमी, कंपनीचा आकडा 18 बीएचपी 5625 आरपीएमला. त्या आरपीएमला पिस्टन सरासरी सेकंदाला 17 मीटर पळतो, म्हणजे अजून वर फिरवून पावर काढायची सोयच नाही, बॉटमवरच (खालच्या क्रँक-बेअरिंगवर) जीव येतो. जे मिळवायचं ते खालच्या आणि मधल्या आरपीएममध्ये. हे मला आधी कळलं असतं तर रोलर टिपच्या रॉकरचे (रॉकर म्हणजे वॉल्व्ह दाबणारी छोटी दांडी, रोलर टिप म्हणजे तिच्या टोकाला फिरतं चाक) पैसे वाचले असते.

हेडसाठी (सिलिंडरचा वरचा भाग, ज्यात वॉल्व्ह बसतात) दोन पर्याय होते, बाहेरचं कॉपी हेड मागवायचं किंवा आपलंच जुनं हेड करून घ्यायचं. कॉपी हेड एका मित्राकडे हातात घेऊन पाहिलं, दिसायला चकचकीत, पण इनटेकच्या तोंडात बोट घातलं तर आत कास्टिंगची एवढी मोठी पायरी, नख अडकत होतं. म्हटलं आपलंच बरं.

इथे पहिला गंडा. ज्या बोरिंगवाल्याकडे टाकलं (नाव घेत नाही) त्यानं नवे गाईड (वॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) बसवले आणि सीट (वॉल्व्ह ज्यावर बंद होतो ती कडी) कापल्या, लॅपिंग (वॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) मस्त, पेट्रोल भरून ठेवलं तर रात्रभर थेंब गळला नाही. मी खूश. पण एक्झॉस्टची सीट त्यानं गरजेपेक्षा खोल कापली होती, जवळपास 1 मिमी. आता यात काय होतं ते नीट समजून घ्या कारण हेड आणि रॉकर वेगवेगळे घेणारे इथेच फसतात. सीट खोल गेली की वॉल्व्ह हेडमध्ये वर सरकतो, त्याच्या दांड्याचं टोक तेवढंच वर येतं, स्प्रिंग तेवढी ढिली बसते, आणि रॉकरचा पिव्हट (ज्यावर तो झुलतो ती जागा) मात्र जिथल्या तिथेच, त्यामुळे रॉकर टोकाच्या मधोमध घासायच्या ऐवजी कडेला घासतो आणि वॉल्व्हला बाजूनं ढकलत राहतो. नवा गाईड मग किती टिकणार.

मला हे काहीच माहीत नव्हतं. मी उलट त्यावर ऑनलाइन मागवलेला रोलर टिपचा रॉकर सेट चढवला, 11 हजार देऊन. लिफ्ट (वॉल्व्ह किती उघडतो ते) वाढेल, घर्षण कमी होईल, असं लिहिलं होतं. गाडी चालू झाली आणि दोन दिवसात टकटक, गरम झाल्यावर जास्तच. टॅपेट (वॉल्व्हची फट) तीनदा सेट केले. शेवटी घराजवळच्या जुन्या मिस्त्रीकडे नेली, पोरं त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "टॅपेटला हात नको लावू भाऊ, रॉकर कडेवर चालून राहिला तुझा."

मग त्यांनी जे केलं ते कोणीही घरी करू शकतो. वरचं झाकण काढलं, वॉल्व्हच्या टोकाला काळा मार्कर फासला, टॅपेट बरोबर करून इंजिन हातानं पाच-सहा वेळा फिरवलं आणि रॉकर काढून पाहिलं. मार्कर जिथे पुसला तिथे रॉकर घासतो. ती चमकती पट्टी बारीक आणि मधोमध पाहिजे, माझी इनटेकला जाड आणि एक्झॉस्टला पार बाहेरच्या काठावर. बास, पाच मिनिटात 11 हजाराचं निदान.

मी म्हटलं रॉकर ब्लॉकखाली (रॉकर धरणारा ठोकळा) शिम (पातळ पत्रा) टाकून पिव्हट उचलू. उस्ताद म्हणाले टाक, पण तेलाचं भोक पाडायला विसरू नको, त्या ब्लॉकला तेल खालूनच येतं, बिनभोकाची शिम टाकली की रॉकर कोरडा. पण वाईट सीटवर शिम म्हणजे चूक झाकणं, म्हणून ते सोडलं. हेड परत उतरवून दुसऱ्या दुकानात नवीन सीट बसवल्या, 30-45-60 असा तीन कोनांचा कट, एक्झॉस्टची घासायची पट्टी इनटेकपेक्षा थोडी रुंद ठेवली कारण एक्झॉस्ट वॉल्व्हची बहुतेक गर्मी सीटमधूनच उतरते, आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तिला तेवढी सोय पाहिजेच. पोर्ट (हेडमधला हवेचा रस्ता) मोठा नाही केला. फक्त मॅनिफोल्ड (कार्ब्युरेटर आणि हेडमधली नळी) आणि हेडच्या जोडावरची पायरी घासून सारखी केली. पोर्ट मोठा केला की हवेचा वेग पडतो आणि खालचा पिकप जातो, आपल्याला तर तोच पाहिजे होता.

रॉकर परत साधे, नवे, ओरिजनल. ब्लॉकचा वरचा अर्धा आणि खालचा अर्धा जोडीनंच मशीन झालेला असतो, पार्ट धुताना अदलाबदल करू नका, नट कसल्यावर रॉकर हातानं सहज हलला पाहिजे.

रोलर वाईटच असतो असं नाही म्हणत. जास्त लिफ्टचा कॅम (फिरता उंचवटा, जो वॉल्व्ह उघडवतो), कडक स्प्रिंग, मोठं इंजिन असेल तर गाईडवरचा बाजूचा जोर खरंच कमी होतो. पण रॉकरचा रेशो (कॅमच्या लिफ्टच्या किती पट वॉल्व्ह उघडतो) वाढवला की नुसती लिफ्ट वाढत नाही, कॅमची 6 मिमी लिफ्ट 1.2 नं 7.2 झाली तर स्प्रिंगचा जोरही त्याच हिशोबानं पुशरॉड (कॅमकडून रॉकरला ढकलणारा दांडा) आणि कॅमवर चढतो, वर टोकाला रोलरचं वजन वेगळं. लिफ्ट वाढवणार असाल तर पिस्टनवर मुलांची क्ले लावून हेड बसवा, इंजिन फिरवा, क्ले कापून मोजा, इनटेकला 2 आणि एक्झॉस्टला अडीच मिमी तरी राहू द्या. स्प्रिंग पूर्ण दाबल्यावर वेटोळे एकमेकांना चिकटतात का तेही बघा, मी हे दोन्ही न बघता सेट लावला होता, नशीब म्हणायचं.

आता कसं आहे? वाडी सोडून अमरावती रोडला लागलो की चौथ्या गिअरमध्ये 45 वरून सरळ उचलते, आधी तिसरा टाकावा लागायचा. टॉप स्पीडमध्ये काडीचा फरक नाही. अॅव्हरेज 32 होता, आता 35 च्या आसपास. नवतप्यात दुपारी दोनला वर्धा रोडवर थोडी पिंगिंग (जोर देताना इंजिनातून येणारी किणकिण) आली, स्पार्कचं टायमिंग जरासं मागे घेतलं, गेली. तेल 20डब्ल्यू50, आणि हेडला जाणाऱ्या बाहेरच्या पाइपचे बँजो बोल्ट (ज्यातून तेल जातं ते पोकळ बोल्ट) दर महिन्याला बघतो, एकदा वायसरमधून पाझरत होतं.

हेडचं काम दोनदा मिळून साडेनऊ हजार पडलं, पहिल्याच वेळी नीट झालं असतं तर सहात भागलं असतं. रोलर सेट डब्यात पडला आहे, परत घ्यायला विकणाऱ्यानं साफ नकार दिला, "फिट केलेला माल वापस नाही होत."

टॅपेटचं एक. पहिल्या 1,000 किमीत एक्झॉस्ट घट्ट झाला, नवी सीट बसते तेव्हा होतंच, ढिला केला. थंड इंजिन, पिस्टन वर, कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे पण वरखाली खेळता कामा नये. काल सकाळी तर्री पोहे खाऊन आल्यावर परत पाहिला, दोन्ही फिरून राहिले होते, झाकण तसंच लावून टाकलं.